बंद खोलीतला मृदू अडथळा

मिरजेच्या हुल्याळकरांकडे त्या सकाळी एका ॲम्पची निरवानिरव चालली होती.

श्रीनिवासरावांचा इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, त्यांच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. आत काचेचे व्हॉल्व्ह, बल्बासारखे तापून लाल होणारे. असे व्हॉल्व्ह जगात बनेनासे होऊन सात वर्षं झाली होती, आणि शेवटचा आता आचके देत होता. तो गेला की श्रीनिवासरावांनी ज्याच्यावर चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रे आणि रेकॉर्डिंगं गाजवली, तो आवाज पृथ्वीवरून जाणार होता. पृथ्वीला याची कल्पना नव्हती.

म्हणून जुने आवाज जतन करणारी सायमा मुजावर नादप्रत घेऊन आली होती. नादप्रत म्हणजे वहीएवढं यंत्र. ॲम्प दहा मिनिटं ऐकायचं आणि त्याचा स्वभाव उचलायचं. मग ॲम्प भंगारात दिला तरी आवाज शाबूत.

ॲम्प नेहमीसारखा आतल्या खोलीत, दार बंद करून. मोठ्याने वाजवल्याशिवाय तो रंगात येत नसे, म्हणून घरच्या रेकॉर्डिंगला श्रीनिवासराव कायम बाहेरच्या खोलीत, हेडफोन लावून बसत. माईक स्पीकरच्या बरोब्बर मधोमध, पट्टीने मोजून. "मधोमध म्हणजे मधोमध" हा त्यांचा एकमेव सिद्धान्त. तो त्यांनी गिटारवाल्यांच्या तीन पिढ्यांना शिकवला होता.

प्रत तयार झाली. पत्र्यावर चमचा घासावा तसा आवाज आला.

"हा माझा नव्हे," श्रीनिवासराव म्हणाले.

"तुमचाच आहे, काका. यंत्र खोटं बोलत नाही."

"मग त्याला माणसांत राहायची सवय नाही."

सायमाने त्यांची सव्वीस वर्षांतली पाच जुनी रेकॉर्डिंगं यंत्राला ऐकवली. प्रतिध्वनींवरून नादप्रतला खोलीसुद्धा ओळखता येई: भिंत कुठे, कपाट कुठे, माईक कुठे. पडद्यावर नकाशा उमटला आणि ती बघतच राहिली.

"काका, यांत माईक मधोमध नाहीच. चार बोटं कडेला, तिरका. आणि शेजारी..." तिने वाचून दाखवलं, "'मृदू अडथळा, एक. श्वास घेतो.'"

"मांजर असेल."

"पाचही वेळा? सव्वीस वर्षांत?"

स्वयंपाकघरातली खलबत्त्याची ठकठक थांबली. श्रीनिवासरावांच्या पत्नी कालिंदीबाई दारात आल्या.

"मीच ती. तुम्ही पुढचं दार लावलंत की मागच्या दाराने यायची, कपड्यांच्या घड्या घालत बसायची. स्पीकरच्या मधोमध कान नेला की फार टोचायचा हो आवाज, डोकं उठायचं. म्हणून माईक जरा सरकवायची. कानाला जिथे गोड लागेल तिथे थांबायची. नंतर पुन्हा मधोमध. तुमचा सिद्धान्त ना तो!"

"आणि चाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही खुशीत असायचात."

'बोटांत जादू आहे' असं लोक म्हणत, तेव्हा श्रीनिवासराव विनयाने मान खाली घालत. आता त्यांनी त्या बोटांकडे पाहिलं, दुसऱ्याचा हार परस्पर घालून घेणाऱ्या नातेवाइकाकडे पाहावं तसं. मग उठून घरातली एकमेव गादीची खुर्ची ॲम्पशेजारी नेली.

"बस. माईक तुला हवा तिथे ठेव."

"अगदी उघडउघड?"

"उघडउघड. आणि... आभारी आहे."

लग्नानंतर हा शब्द घरात प्रथमच आला होता. बाईंनी आधी सायमाकडे पाहिलं, तिलाच म्हणाले असतील म्हणून.

मग त्यांनी कपड्यांचा ढीग मांडीवर घेतला, माईक चार बोटं सरकवला. श्रीनिवासराव बाहेर जाऊन वाजवू लागले. दहा मिनिटं व्हॉल्व्हने शब्द पाळला; अकराव्या मिनिटाला निळा झाला आणि विझला.

प्रत मात्र साधली होती. श्रीनिवासरावांनी ऐकली, डोळे पुसले आणि हेडफोन बायकोच्या कानांवर चढवले. "ऐक. तुझा आहे."

"जतन करू?" सायमाने विचारलं. "उद्या कुणीही, कुठेही या आवाजात वाजवेल. फक्त, काकू, अडथळ्यासकट ठेवू की काढू? टोचरेपणा तुम्ही आणि तो कपड्यांचा ढीगही शोषता; काढला तर पुन्हा टोचेल."

"म्हणजे मी गेल्यावरही कुणा परक्याच्या खोलीत मी श्वास घेत बसलेली असणार?"

"असणार."

कालिंदीबाईंनी जतनाच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"आणि त्याला सांगेल का गं कुणी, आत मी बसलेय म्हणून?"