एक हजार त्रेचाळीस नंबर

रविवारी भर दुपारी तो इस्पितळाच्या तळघरात एकटाच बसला होता. काम तसं किरकोळ. आदल्या दिवशी फाइलींचा जुना सर्व्हर काढून नवा बसवला होता आणि आता वर रेकॉर्ड रूममध्ये त्याच्या ताईला एकही फाइल उघडता येत नव्हती. एसीची घरघर चालू होती. नव्या यंत्राला कोऱ्या रबराचा वास येत होता.

"परवानगी नाही म्हणतंय रे," ताई फोनवर वैतागली होती. "उद्या सकाळी ऑपरेशनं आहेत. आणि सगळ्या फाइलींवर मावशींचं नाव कसं?"

मावशी म्हणजे ताईच्या आधी रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई. आता ताई बसते त्याच खुर्चीत तीन वर्षांपूर्वी बसल्या बसल्या गेल्या होत्या.

तो कानकोंडा झाला. सर्व्हर माणसाला नावाने नाही, नंबराने ओळखतो. मावशी गेल्या तेव्हा चाळीस हजार फाइली नव्या माणसाच्या नावावर कोण करत बसणार, म्हणून त्याने त्यांचा १०४३ नंबर सरळ ताईलाच देऊन टाकला होता. मावशींचं नाव यादीतून काढायचं मात्र राहून गेलं. आता नव्या सर्व्हरला एका नंबरावर दोन नावं सापडली आणि त्याने आधीचं, मावशींचं धरलं; ताई त्याच्या लेखी परकी ठरली. आळस असा अंगाशी आला.

"पाच मिनिटं थांब, ताई."

"अरे..." तिचा आवाज खाली आला. "मी कशाला हातही लावलेला नाही. तरी आत्ता एक फाइल सेव्ह झाली. मावशींच्या नावाने..."

त्याने पडद्यावर पाहिलं. खरंच झाली होती.

"तू उठ तिथून. बाहेर ये."

"उठता येत नाहीये रे... खांद्यावर कोणाचातरी हात आहे..."

त्याची पाचावर धारण बसली. मावशींचं नाव तेवढं काढायचं होतं. घाईत त्याने नंबर टाइप केला. १०४३ काढून टाका. यंत्राने विचारलं, नक्की? त्याने हो म्हटलं.

फोन चालूच होता, पण पलीकडे कोणी नव्हतं.

तो तीन मजले धावत चढला. रेकॉर्ड रूमला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ.

"साहेब, मावशी गेल्यापासून ही खोली बंदच आहे की," वॉचमन म्हणाला. "त्यांच्या जागी कोणी आलंच नाही."

त्याने आईला फोन लावला.

"कोण ताई?" आई म्हणाली. "अरे, तू एकुलता एक. बरं वाटत नाहीये का तुला?"

तळघरात परतला तेव्हा त्याला रडू आवरत नव्हतं. त्याने १०४३ नंबर पुन्हा नव्याने तयार करून त्यावर ताईचं नाव घालून पाहिलं. उत्तर आलं, हा नंबर वापरात आहे. वरच्या बंद खोलीतून ती फाइल दर मिनिटाला सेव्ह होत होती, आणि मालकाच्या नावाच्या जागी नुसता आकडा होता. इस्पितळातली प्रत्येक फाइल उघडायचा अधिकार त्याला होता. ही मात्र उघडेना. दोघींपैकी कोण लिहीत होतं, ते त्याला अजून कळलेलं नाही.