मागच्या दाराचं बटण

शेगडीत एक लाकूड टाक, ब्रेट, आणि बाकीच्या पोरांनो, गळावर लक्ष ठेवा. मासे काही लागत नाहीत. तळ्यावरच्या या खोपटात तीन तास बसून आपण नुसतं बर्फाला भोक पाडलंय. तेव्हा आर्विडची गोष्ट सांगतो.

सुरुवात अगदी साधी आहे. आर्विड दुकानात बल्ब घ्यायला आला होता. आपल्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो, तोच आर्विड. पाच आठवड्यांतला अकरावा बल्ब. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "आर्विड, खातोस की काय रे हे?" मी मागेच उभा होतो. म्हटलं, "वायरमनला बोलाव." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला शेजाऱ्याकडून बुटांची नाडी बांधून घ्यायला सांगितलं. आपल्याकडचा माणूस घर जळू देईल, पण वायरिंगला परका हात लागू देणार नाही. जिल्हा कचेरीत चौतीस वर्षं आगीचे अहवाल मीच फायलीला लावले, मला विचारा.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. उडत होता तो दिवा पुढच्या पायऱ्यांवरचा. त्याची बायको लोइस वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते, साडेसातला घरी येते. आदल्या हिवाळ्यात, जुन्या घरी, ती अंधारात पायऱ्यांवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरनं बजावलं होतं, पुन्हा पडलीस तर चाकाच्या खुर्चीतून उठायची नाहीस. आणि या नव्या घरात बल्ब उडायचा तो नेमका सात वाजून दहा मिनिटांनी. रोज नाही, पण उडाला की सात दहालाच.

एकवीस नोव्हेंबर, गुरुवार. बाहेर उणे अकरा. अकरावा बल्बही आदल्या दिवशी उडाला होता. आर्विडनं दुपारी मेन बंद करून दाराजवळचं बटण उघडलं. सगळे सांधे आवळले. मेन चालू करून होल्डरला मीटर लावला. विजेचा दाब बरोबर. मग त्याच्या ध्यानात आलं, बटणाला वायरी जोडायचे दोनाऐवजी तीन स्क्रू आहेत. म्हणजे जिन्याला असतात तशी एकाच दिव्याला दोन बटणं. दुसरं कुठाय?

तळघरातून वायरीच्या मागे मागे गेला. वायर मागच्या भिंतीत शिरत होती. भिंतीवर नवी लाकडी फळी. कापली. आत बुजवलेलं दार, आणि दाराशेजारी पिवळं पडलेलं बटण.

करवतीचा आवाज ऐकून शेजारची ग्लॅडिस आलीच. गावात काही कापलं जातंय आणि ग्लॅडिस घरात बसलीय, असं झालेलं नाही.

"घर पाडतोस का रे?"

"बटण सापडलं."

तिनं वाकून पाहिलं. चेहरा उतरला. "ड्वेनचं आहे ते."

"कोण ड्वेन?"

"तुमच्या आधी या घरात राहायच्या त्या हॉगनबाईंचा मुलगा. बूट चिखलाचे, म्हणून मागच्या दारानं यायचा. आला की इथूनच पुढचा दिवा बंद करायचा. वर बाईंना कळायचं, पोरगं आलं, आता झोपावं."

तसाच रिवाज आहे ना आपला? घरातलं शेवटचं माणूस येईपर्यंत दिवा लावून ठेवायचा, आणि त्यानं येऊन तो बंद करायचा. तुम्ही विसरता, म्हणून तुमच्या आया जाग्या राहतात.

"मग?" आर्विडनं विचारलं.

"मग एका नोव्हेंबरात बर्फावरची गाडी घेऊन तळ्यावर गेला. बर्फ दोन बोटं जाड. सापडला नाही. बाईंनी मरेपर्यंत दिवा बंद केला नाही. एकतीस वर्षं. घर विकायला काढलं तेव्हा कुणीतरी दार बुजवलं."

आर्विड म्हणाला, "किती वाजता यायचा गं तो?"

"गिरणी सातला सुटायची. सात दहाला घरात. का?"

"काही नाही."

ती गेल्यावर त्यानं ते बटण काढून टाकलं. वायरी जोडल्या, बटणाच्या पेटीवर कोरं झाकण बसवलं, फळी ठोकली. पुढे साधं, दोन स्क्रूंचं बटण लावलं. वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. दुसरीकडून कुणी हात लावायचा प्रश्नच मिटला. दिवा लावला आणि सूप गरम करायला गेला.

सात दहा.

खट्.

आर्विड बाहेरच्या खोलीत आला. पायऱ्यांवर अंधार. बल्ब उडाला नव्हता... बटण खाली होतं.

त्यानं वर केलं. उजेड. दोन पावलं मागे आला.

खट्.

त्याच्या डोळ्यांदेखत खाली आलं.

आता लोइस वृद्धाश्रमातून निघाली असेल. घराच्या उबेनं दुपारभर छपरावरून पायऱ्यांवर ठिबकलेलं पाणी काचेसारखं गोठलेलं. त्यानं बटण वर केलं आणि खालून अंगठा लावून धरलं.

दाब आला.

वरून. हळूच. एखाद्या माणसाच्या अंगठ्याइतका.

समोर कुणी नव्हतं. भिंत होती. बटण होतं. त्याचा हात होता. अंगठा गार पडत चालला. मग दुखायला लागला. मग... काहीच वाटेना.

"ड्वेन," तो म्हणाला. "अजून एक जण यायचंय."

दाब कमी झाला नाही. वाढलाही नाही.

सात वीस... सात पंचवीस...

अंगणात गाडीचा उजेड फिरला. दार आपटल्याचा आवाज. पहिली पायरी. दुसरी. तिसरी... तिसरीवर ती थांबली. आर्विडनं अंगठा आणखी दाबून धरला.

चौथी.

लोइस आत आली, टोपी काढत म्हणाली, "दिवा चक्क चालू? अकरा बल्ब मारून अखेर जमलं म्हणायचं तुला." मग त्याच्याकडे पाहून, "आणि असा भिंतीला काय टेकू देऊन उभा आहेस? आले ना मी. कर की बंद."

आर्विडनं अंगठा काढला.

खट्.

तिला वाटलं, त्यानंच केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फळी कापून मागचं आणि पुढचं, दोन्ही जुनी बटणं परत बसवली. आता लोइस आत आली की मगच मागून खट् होतं. तो बारावा बल्ब अजून उडालेला नाही.

अंगठा मात्र डॉक्टरला दाखवावा लागला. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, हिमबाधा. कारण, हातमोज्याशिवाय उघड्यावर काम. कारणाचा रकाना कसा भरतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या संध्याकाळी घरात शेगडी पेटलेली होती, आणि आर्विडच्या अंगावर नुसता सदरा.

उद्या न्याहारीला येईल तो. कप डाव्या हातानं धरतो. उजवा अंगठा टेबलावर उताणा ठेवील तेव्हा बघा. नखाच्या उलट बाजूला पांढरा डाग आहे, लांबट, बोटाच्या पेरासारखा. त्यावर रेघा आहेत... बारीक, गोल गोल, ठशासारख्या.

त्या आर्विडच्या रेघांशी जुळत नाहीत.