राहण्याजोगं अंतर

खोलीतला उजेड एकदम गेला, तेव्हा अंकितानं खिडकीकडं पाहिलं. खिडकीत ऊसच ऊस. हंगामात आष्ट्याच्या त्या रस्त्यावरून कारखान्याकडं ट्रॉल्या जायच्याच. खोली क्षणभर अंधारायची, पुन्हा उजळायची. ही मात्र जागची हलेना.

ती गजांशी गेली. "अहो, ट्रॉली पुढं घ्या ना. उजेड अडलाय."

चाकामागून एक डोकं वर आलं. कपाळावर ग्रीसचा पट्टा, डोळ्यांत हसू. "टायर बसलाय, मॅडम. आमीबी अडलोयच की. एवढ्या उजेडात करता काय?"

"तारे बघते."

"भर दुपारी?"

तिलाही हसू आलं. वीरधवल त्याचं नाव. ट्रॅक्टर त्याचा, ऊसही त्याच्याच रानातला. टायर बदलेपर्यंत तिनं सांगून टाकलं... पुण्याच्या संस्थेसाठी ती घरून काम करते. दुर्बिणीनं मोजलेला लांबलांबच्या ताऱ्यांचा उजेड ती लॅपटॉपवर तपासते. ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकला, की तो उजेड किंचित उतरतो.

"म्हंजे आमच्या ट्रॉलीवानी."

"हो, पण ग्रह ठरल्या वेळी पुन्हा येतो. एकदाच आला तर तो योगायोग."

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी खोली अंधारली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी अंकिता आधीच खिडकीशी उभी होती.

"तिकडं कोन राहतं का वं, त्या ग्रहांवर?"

"राहता येईल का, एवढाच अंदाज बांधतो आम्ही. ताऱ्याच्या फार जवळ असला तर पाण्याची वाफ, फार लांब असला तर बर्फ. मधलं अंतर लागतं."

त्यानं गजावर हात ठेवला, तिच्या हाताशेजारी. "आन आपलं... बरोबर हाय?"

"थोडं—" तिनं त्या हाताकडं पाहिलं. "थोडं लांबच हाय."

हे 'हाय' तोंडून कधी निसटलं, तिचं तिलाच कळलं नाही.

हंगाम संपता संपता तिच्या एका ताऱ्याचा उजेड तिसऱ्यांदा उतरला, अगदी तिनं सांगितलेल्या दिवशी. पाणी पाणीच राहील, अशा अंतरावरचा ग्रह असावा तो. संस्थेतल्या सरांचा फोन आला: पुढच्या अभ्यासाला चिलीच्या वेधशाळेत दोन वर्षं. किती वाट पाहिली होती तिनं या फोनची... आणि आता तिची नजर सारखी खिडकीतून रस्त्याकडंच जात होती.

वीरधवलनं सगळं ऐकून घेतलं. गजावर हात टेकून म्हणाला, "मग जायच्या आधी आमच्या घरी या."

"कशाला?"

"पोरगा बघायला. पोरी बघायला माणसं जात्यातच की. राहण्याजोगं हाय का न्हाई, ते तुमीच ठरवा. कामच हाय तुमचं."

रविवारी ती आईला घेऊन खरंच गेली. पोह्यांचा ट्रे वीरधवलनंच आणला, मान खाली घालून. बशा खुळखुळत होत्या. त्याची आई, शालूबाई, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "विचारा की पोराला, काय विचारायचं ते. सवैपाक येतुया त्याला. थोडा."

अंकिताचा प्रश्न मात्र खरा होता. "मी दोन वर्षं लांब असणार. परत आले तरी हेच काम करणार. तुम्ही काय कराल?"

त्यानं मान वर केली. "आमचा आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतोय. वाढला का म्हणून कोन रोज उपटून बघत न्हाई." मग हळूच, "थांबीन. आन काम सोडा म्हणायला मी कोन?"

आईनं तिला कोपरानं ढोसलं. "अगं, घरी जाऊन कळवतो म्हणावं. असं तोंडावर—"

"कळवायचं काय त्यात, आई." अंकितानं पोह्यांची बशी उचलली आणि सरळ शालूबाईंकडं पाहिलं. "मुलगा पसंत हाय."

शालूबाई साखर आणायला उठल्या. मुलगा तोवर लाजून घरामागच्या परड्यात पळाला होता.