बर्फखान्याचं दार

ट्यूबलाइट बंद करा रे, डोळ्यांवर येते. आणि ऐकून हसू नका, कारण शरच्चंद्रचा सर्वेश तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. अंधेरीला राहतो. हल्ली कुणाशी फारसा बोलत नाही.

वर्षातून एकदा शहरातल्या जुन्या, बंद इमारती लोकांना बघायला उघडतात ना? दोन वर्षांपूर्वी तो दिवस फेब्रुवारीतल्या अवसेला आला होता. वर्सोव्याकडचा एक बर्फखाना दाखवायचं काम सर्वेशकडे होतं. कारखाना कधीचाच बंद पडलेला. पण बर्फाच्या लाद्या साठवायची खोली तशीच होती, जाडजूड दाराची, हवाबंद. पूर्वी धर्मा नावाचा कामगार आत असताना कुणीतरी न बघता कडी घातली, आणि सकाळी तो मेलेलाच निघाला. तेव्हापासून तिथे रीत पडली. कडी घालण्याआधी दारावर ठोका मारायचा, थांबायचं, आणि आतून ठोका आला तर दार उघडायचंच.

सर्वेशने या रीतीचा तमाशा केला. कोळीवाड्यातला त्याचा जिवलग कृणाल, त्याला आत लपवलं. लोकांना धर्माची गोष्ट सांगायची, खोली रिकामी म्हणायची, कडी घालून ठोका मारायचा, की आतून कृणालचा ठोका. बायका किंचाळायच्या, पोरं टाळ्या पिटायची. बघ्यांची तुकडी गेली की कडी काढून कृणालला हवा द्यायची. अंधारात उजेड दिसू नये म्हणून त्याचा फोन सर्वेशने आपल्या खिशात ठेवला. कृणालची आई कमळ मासळी विकते. तिने सकाळीच बजावलं होतं, "त्या ठोक्याची मस्करी नको रं." दोघांनी ते हसण्यावारी नेलं.

रात्री शेवटची तुकडी गेली. वॉचमन जेवायला गेला. सर्वेश कडी काढायला वळला, तोच आतून ठोका आला.

"थांब रे, उघडतो."

"कुणाला उघडतोस?"

मागे कृणाल उभा होता. दिव्याच्या जरा पलीकडे. हातात चहाचा ग्लास.

"तू बाहेर कधी आलास?"

"मघाशी."

मागच्या खेपेला तो लघवीला म्हणून बाहेर आला होता खरा. तसाच राहिला असेल, असं सर्वेशला वाटलं. पण मग आत्ता…

आतून पुन्हा ठोका आला.

"आत कोण आहे रे?"

कृणालने नुसता ग्लास पुढे केला. सर्वेशने तो घेतला. गार होता. त्याने पायरीवर ठेवून दिला.

"कुलूप लाव," कृणाल म्हणाला.

ठोके वाढले. एकावर एक. तरी सर्वेशने कुलूप लावलं.

दोघं नाक्यापर्यंत आले. कृणालची चप्पल वाजत नव्हती. तो घराकडे वळला नाही. मागे फिरला. बर्फखान्याकडे.

घरी आल्यावर सर्वेशच्या खिशात फोन वाजला. त्याचा नव्हे, कृणालचा. पलीकडे कमळ.

"पोरगा कुठं हाय रं माझा?"

आता खरं सांगतो तुम्हाला. सर्वेशला त्या क्षणी कळलं. सगळं कळलं. चावी त्याच्या उशाशी होती, रिक्षा दारात मिळाली असती. पण अंधारात त्या दाराशी परत जायची त्याची छाती झाली नाही. मित्रांबरोबर असेल, येईल गं मावशी, असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि डोक्यावरून पांघरूण ओढलं. नीच माणूस. माझ्या मित्राचा मुलगा आहे, तरी म्हणतो, नीच.

उन्हं वर आली तेव्हा तो गेला. कमळ आधीच दाराशी बसली होती. त्याने कुलूप काढलं, कडी काढली. कृणाल दाराला टेकूनच होता, तो बाहेर कलंडला. दोन्ही मुठी फुटलेल्या. दार आतून लाल झालेलं.

कमळ रडली नाही. तिने त्या मुठी पदराने पुसल्या. मग विचारलं, "ठोका आला व्हता का रं?"

"नाही, मावशी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने नजर खाली घातली. पायरीवर रात्रीचा ग्लास होता, चहाने काठोकाठ भरलेला. त्यावर चांगलं ऊन पडलं होतं.

कमळने तो उचलला आणि उपडा धरला.

थेंबही सांडला नाही. चहाचा दगडासारखा बर्फ झाला होता.