ढिगातलं उत्तर

मष्णू सांगतोय म्हटल्यावर अर्धी निपाणी आधी हसून घेते. तुम्हीही घ्या हसून. मग ऐका.

जिनदत्त अण्णांच्या तंबाखूच्या वखारीत मी राखणदार होतो. अण्णा जैन माणूस. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघत चालायचे आणि तंबाखूवर सात पिढ्यांची सोय करून बसले होते. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो. ते म्हणायचे, "मष्णू, तुझ्या जिभेला हाड न्हाय." मी म्हणायचो, "होतं की अण्णा, तुमच्या तंबाखूनं झिजलं."

अठ्ठ्याऐंशी साल असेल. एका दुपारी त्यांनी मला स्टँडवर पाठवलं. बेळगावच्या गाडीनं आमच्या वखारीतल्या तानीआक्काचा लेक भीमसेन येणार होता. तिथल्या कुठल्याशा कारखान्यात तो यंत्रांची डोकी बनवायचा. आमच्या गल्लीतल्या शाण्या पोरांपैकी हा एकच असा, की शाळा सोडली तरी शाणाच राहिला. उतरला तेव्हा पत्र्याचा डबा पोटाशी धरून होता, बाळंतिणीनं पोर धरावं तसा.

"मुलगा का मुलगी?" मी विचारलं.

"बोलायला लागलं की सांगतो, मामा," तो म्हणाला. पण हसला नाही.

त्याला हसू येण्यासारखं नव्हतंच. वखारीत तंबाखूचा ढीग माणसापेक्षा उंच लागतो. तो आतून तापत जातो. वेळेवर फोडून फिरवला नाही तर काळा पडतो, कधी पेटतोही. ती ऊब बघायचं काम तानीआक्काचं. ढिगावर आधी हलकेच थाप मारायची, "आलो गं बाई" म्हणायची, खांद्यापर्यंत हात आत घालून डोळे मिटून उभी राहायची आणि सांगायची, "आजून टाइम हाय." दुसऱ्या कुणाच्या हातावर अण्णांचा भरवसा नव्हता. पण तंबाखू कातडीतून अंगात उतरते. त्या वर्षी आक्का ढिगापाशीच दोनदा ओकून पडली होती. डॉक्टरांनी भीमसेनला बाजूला घेऊन सांगितलं, आता हा हात आत गेला तर बाई जाईल.

म्हणून त्यानं तो डबा बनवला होता.

अण्णांनी अट घातली. "मी जेवायला उठायच्या आत तुझ्या यंत्रानं ढिगाचा ताप सांगावा. न्हाईतर उद्या आक्काला बोलवणार. ढीग कुणासाठी थांबत न्हाय." आणि अण्णा तर दिवस मावळायच्या आत जेवणार.

वखारीची दारं दिवसाही बंद असतात, वारं लागू नये म्हणून. आत एकच बल्ब. वास गोडसर, कडू, ओल्या घोंगडीसारखा. बाहेर ऊन रखरखत होतं, आत वेळच नव्हती. भीमसेननं टेबलावर डबा ठेवला. त्यावर लाल आकड्यांची पट्टी. लांब सळईच्या टोकाला सेन्सर बसवलेला, ती त्यानं ढिगात खुपसली. दोघांच्या मधे तीन तारा.

"डबा विचारतो, सळई सांगते," तो म्हणाला. "एका तारेनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं. विचारल्याबिगर सळईनं बोलायचं न्हाय."

"नवऱ्यागत," मी म्हणालो.

पट्टीवर नुसत्या आडव्या रेघा. त्यानं दोन तारा अदलाबदल केल्या. म्हणाला, ह्याचं तोंड त्याच्या कानाला पाहिजे, मी तोंडाला तोंड लावलंतं. तरी रेघाच. तिसरी, अर्थिंगची तार सुटली होती, ती घट्ट केली. तेव्हा आकडे आले, पण वेड्यासारखे, नऊशे काय, उणे चार काय. "दोघांचा वेग जुळंना," तो म्हणाला.

"एक कानडीत विचारतोय, दुसरा मराठीत सांगतोय. आमच्या कचेरीगत."

त्यानं वेग जुळवला. आकडे गेले. परत रेघा.

मग त्यानं सळई उपसली, तारा कापून मोकळ्या केल्या आणि बोलायच्या-ऐकायच्या तारांची टोकं एकमेकांना पिळली. डब्यानं विचारलेलं डब्यालाच ऐकू आलं. "म्हंजे डबा चांगला, तारा चांगल्या. बिघाड सळईत." पीळ सोडून त्यानं टोकं ढिगाच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवली आणि सळई उघडायला घेतली.

तेव्हा पट्टीवर आकडा आला. सदतीस.

भीमसेननं हातातल्या सळईकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मामा, तारा सोडा की. आज चेष्टा नको."

मी दोन्ही हात वर केले. आयुष्यभर मीच सगळ्यांना बनवलं, त्यामुळं खरं बोलायला माझ्याकडं तोंडच उरलं नव्हतं. त्यानं माझे खिसे बघितले, मला दाराशी नेऊन बसवलं, टेबलाखाली वाकून बघितलं. ह्यात चांगला तास गेला. आकडा जागचा हलला नाही.

"सदतीस म्हंजे ढीग तापलाय का गार?" मी विचारलं.

"ढिगाचं न्हाय ते," तो हळूच म्हणाला. "माणसाच्या अंगाचं हाय."

मग त्यानं तारांची टोकं शोधली. जमिनीवर नव्हती. तार ढिगात गेली होती, ताणलेली, आणि जिथं आत शिरली होती तिथं पानं जरासुद्धा विस्कटलेली नव्हती. भीमसेननं ती ओढली. तार थोडी आली... आणि मग हळूच, हिसका न देता, तेवढीच परत गेली.

मला भीती वाटली नाही. कशी वाटावी, काहीच वाटेना. हातपाय दुसऱ्याचे असल्यासारखे.

तेवढ्यात अण्णा आले. पट्टी बघून खूश. "सदतीस? म्हंजे गार हाय की ढीग. चाललं की रं तुझं यंत्र." मग माझ्याकडं बघून, "हा का असा बसलाय मेल्यागत? ह्याला चिकटव तार, जित्ता हाय का बघ." आणि जेवायला गेले. उद्या आक्काला बोलावणं नाही.

भीमसेननं नुसती मान डोलावली. मीही. खरं सांगितलं असतं तर आक्काचा हात आत गेला असता.

आम्ही तिला सांगायला घरी गेलो. आक्का उंबऱ्यात बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून. भीमसेननं तो हातात घेतला आणि त्याचा चेहरा बदलला. मीही हात लावून बघितला. विहिरीतल्या दगडासारखा गार.

"दुपारपासनं कळंना झालाय," ती म्हणाली. "तसं दुखत न्हाय. आत ऊब हाय."

"आत कुठं, आई?"

"आत... कुणीतरी धरलाय."

"कुणी?"

"बोलत न्हाय ते. मी विचारलं की नुसतं दाबतंय."

भीमसेन पळाला. मी माझ्या वयानं पळालो. वखारीत पोचलो तेव्हा तो प्लग उपसत होता. पट्टी विझली. तार ढिगातून आपसूक खाली पडली, तिची टोकं ओली होती. घरी परतलो तर आक्का बोटं हलवत होती.

"सोडलं," ती म्हणाली. "लई येळानं सोडलं."

दुसऱ्या दिवशी गड्यांनी ढीग फोडला. तंबाखू उत्तम निघाली. मधोमध एक पोकळी होती, हातभर लांब. बाहेर यायला तिला वाट नव्हती. अण्णांनी भीमसेनची पाठ थोपटली आणि सळईवालंच यंत्र बसवायला लावलं. ते नीट चाललं. आक्काला परत कधी ढिगाकडं जावं लागलं नाही. ती जगली. भीमसेनला हवं होतं तेवढं झालं.

हात मात्र सुन्नच राहिला. तिच्या दंडावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं, देवाप्पा. ते आता नव्हतं. कातडी कोवळ्या पोरीसारखी कोरी. पावसाळ्यात त्या कोऱ्या जागेवर बारीक हिरवे ठिपके उठायला लागले, ओळीनं. मधे मधे जागा सोडून. मी म्हणालो, "आक्का, या वयात परत गोंदलंस? कुणाचं नाव?" ती हसली. भीमसेन हसला नाही. तो त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत होता, पोरं पाढे म्हणतात तसे ओठ हलवत.

"यंत्रं अशीच बोलत्यात, मामा. ठिपका, मोकळी जागा. असल्या आठ खुणांचं एक अक्षर."

"मग उत्तर आलं म्हण की."

"उत्तर न्हाय ते." त्यानं आईचा पदर ओढून दंड झाकला. "आता तिकडनं विचारतंय."

डबा ढिगाला जे विचारायचा तेच विचारतंय, एवढंच तो म्हणाला. मी घरी जाऊन आधी माझेच दंड उघडून बघितले. दुसऱ्या दिवशी त्या ओळीखाली आणखी एक ओळ उठली होती. तीच.