पाठमोरी खुर्ची

खोलीत अंधार होता आणि मला उशीर झाला होता. पडदे ओढलेले, भिंतीवर प्रोजेक्टरचं कुठलंसं मोठं चित्र पडलेलं आणि जिकडेतिकडे नुसती कुजबुज. चाचपडत मी एक रिकामी खुर्ची गाठली, बसले, आणि बघते तर काय... खुर्ची उलटी! पाठ चित्राकडे आणि तोंड एका अनोळखी मुलाकडे. मी ती फिरवायला लागले.

"अहो, फिरवू नका," तो हळूच म्हणाला. "तुम्ही पाठमोरंच बसायचंय."

"का? मी काय पाप केलं?"

"उशिरा आलात, हेच. बाईंनी मघाशी जोड्या लावल्या. मी चित्र बघून सांगणार, तुम्ही ऐकून टिपायचं. दिवे लागले की वळून ताडून बघायचं."

चित्राचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर आला होता. कपाळ पिवळसर, हनुवटी निळी.

"बरं... सांगा मग," मी वही उघडली. "पण सावकाश. मला शब्दन् शब्द लागतो."

तो हसला. ते हसणं मी कुठेच टिपलं नाही, तरी आजही जसंच्या तसं आठवतं.

विषय होता युरोपचा सांस्कृतिक इतिहास, आणि वर्गात मला म्हणायचे टेपरेकॉर्डर. बाई शिंकल्या तरी माझ्या वहीत नोंद होते, अशी माझी ख्याती. लिहिण्यात मान वर करायची फुरसत नसायची, त्यामुळे तासाला काय शिकवलं हे मलासुद्धा घरी वही वाचूनच कळायचं.

त्याला सगळे निवांत म्हणायचे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आणि वेग गोगलगायीचा. गेल्या वर्षी वेळेत अर्धाच पेपर लिहून झाला म्हणून याच विषयात त्याची दांडी उडाली होती. यंदाही उडाली तर शिक्षण बंद, परगावी मामाच्या गाद्यांच्या दुकानात बसायचं, असं घरून बजावलं होतं.

"गाद्यांच्या दुकानात निवांत! नाव तरी सार्थकी लागेल," तो म्हणायचा. पण हे म्हणताना तो हसायचा नाही. आणि बाईंच्या परीक्षेत गुण जोडीला मिळून असायचे, म्हणजे त्याचं जाणं न जाणं अर्धं माझ्या हातात होतं.

आठवड्याभरात अहो-जाहो गेलं.

"उंच चर्च आहे," तो सांगायचा. "खांब वर, वर, वर गेलेत. खिडक्यांना रंगीत काचा."

"किती खिडक्या? रंग कुठले? पुन्हा सांग."

"पेन ठेव खाली. आधी ऐक. इथे आत आलं की माणसाची मान आपोआप वर जाणार. बांधणाऱ्यांना तेच हवं होतं. एवढंच लिही."

"एवढंच?"

"बाकीचं आठवेल गं. विश्वास ठेव जरा."

दिवे लागले, मी वळले, आणि माझी मान आपसूक वर गेली. खिडक्या मोजायचं विसरूनच गेले.

हळूहळू माझी पानं मोकळी दिसायला लागली. उजवीकडे मोजके शब्द, डावीकडे समासात एखादा प्रश्न. संध्याकाळी वही मिटून सगळं आपल्या शब्दांत कुणाला तरी सांगायचं, ही बाईंची शिस्त. घरात तावडीत सापडायची ती ताई.

"लिंबं लांबून जहाजानं यायची, म्हणून तिकडचे श्रीमंत लोक ती चित्रातसुद्धा मिरवायचे. कळलं," ताई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "पण दर वाक्याला 'तो म्हणाला, तो म्हणाला' काय? लिंबू बोलत होतं का?"

"म्हणजे... जोडीदार म्हणाला."

"अगं बाई! गाडी इथवर आली?"

मी उशी फेकून मारली, ती घडी केलेल्या कपड्यांवर पडली आणि पुन्हा सगळ्या घड्या मला घालाव्या लागल्या. पण ताईचं खोटं नव्हतं. प्रत्येक चित्र मी आधी त्याच्या चेहऱ्यावर बघत होते. युद्धाचं असलं की त्याच्या भुवया जवळ यायच्या, जत्रेचं असलं की डोळे लुकलुकायचे. मी त्याच्या प्रेमात पडले होते, अगदी सपशेल. आणि त्याला... कुणास ठाऊक! तो तर सगळ्यांशीच तसा हसायचा.

परीक्षेच्या दिवशी कुणी बघायचं आणि कुणी लिहायचं, याच्या चिठ्ठ्या काढल्या. आमची चिठ्ठी बरोबर उलटी निघाली. लिहायचं त्यानं!

"संपलं," पाठमोऱ्या खुर्चीत बसत तो म्हणाला. "गाद्या."

"गप्प बस. माझ्याकडे बघ."

दिवे गेले. भिंतीवर एक टेबल आलं. त्यावर पेला, सुरी, चुरगळलेलं कापड, ताटली, द्राक्षं... सगळं एकदम माझ्या जिभेवर आलं. समोर त्याचं पेन वाट बघत होतं. मी आधी नुसतं बघितलं.

"डावीकडून उजेड," मी म्हटलं आणि त्याचं लिहून होईपर्यंत थांबले. "लिंबू अर्धंच सोललंय." पुन्हा थांबले. "खुर्ची मागे सरकलीय. कुणीतरी आत्ता उठून गेलंय... आणि परत येणार आहे."

"कशावरून?"

"एवढं महागाचं लिंबू टाकून कोण जाईल रे?"

तो हसला आणि त्यानं तेही लिहिलं. मग पेन थांबलं. वेळ अजून शिल्लक होता. "आणखी काही?"

"आहे... पण चित्रातलं नाही." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "हे लिहू नकोस. नुसतं ऐक. तू कुठे जाऊ नकोस. गुणांसाठी म्हणत नाहीये मी. मला — तू आवडतोस. फार."

भक्कन दिवे लागले. पांढऱ्या उजेडात त्याचा चेहरा पहिल्यांदाच मला वाचता येईना. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंचा आवाज आला, "हे कोंबडीचे पाय कुणाचे? इकडे या, तुमचं तुम्हीच वाचून दाखवा!"

तो उठला आणि मी धूम ठोकली. निकाल लागेपर्यंत त्या इमारतीची पायरीसुद्धा चढले नाही. ताईनं विचारलं तर म्हटलं, पाय मुरगळलाय.

निकालाच्या दिवशी फळ्यापाशी गर्दी ओसरल्यावर गेले. आमची जोडी पास होती, चांगली वरच्या श्रेणीत. मी डोळे मिटून श्वास सोडला. आता तो जाणार नव्हता, मग मला काहीही म्हणो.

"वळू नकोस," मागून आवाज आला. "आज मी सांगतो, तू ऐक."

मी फळ्याकडेच बघत राहिले.

"समोर एक मुलगी पाठमोरी उभी आहे. कान लाल झालेत. उजवा पाय मुरगळलाय म्हणे, पण उभी मात्र त्याच पायावर आहे."

"ताई भेटली होती वाटतं!"

"मध्ये बोलायचं नाही. बघणाऱ्याला ती आवडते. पहिल्या तासाला उशिरा येऊन खुर्ची फिरवायला लागली... तेव्हापासून."

सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. एकही शब्द सुटला नव्हता.

"पुन्हा सांग," मी म्हटलं.

"लिहून घेतेस की काय?"

"छे. वही घरी आहे."

त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश, शब्दन् शब्द. मग म्हणाला, "आता वळ. ताडून बघ."

मी वळले.