ढिला सोडलेला तंग

काम साधं होतं. घोडीचे नाल बदलून आणायचे आणि उजेड आहे तोवर घरी परतायचं. एवढंच.

तुम्ही पोरं उद्या वरच्या वाटेनं घोडे काढणार म्हणताय, म्हणून सांगतो. भेदरवायला नाही सांगत. हसतोस काय रे? दिवसभर खोगिरावर बसून तुला आता खुर्चीवर नीट टेकता येत नाहीये, आणि निघालास भुताला हसायला. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्या ओळखीचा माणूस. त्याच्या पागेतला चारा माझ्याच दुकानातून जातो. सगळे त्याला धाकटा म्हणतात, आपणही तेच म्हणू.

डोंगराच्या कुशीत त्यांचं घर. मागे पागा, पागेपलीकडे कुरणं. थोरला भाऊ, त्याची बायको आणि हा. आईबाप लवकर गेले, थोरल्यानंच याला वाढवलं. शाळेत याचं मन कधी लागलं नाही. मास्तरांनी नाद सोडला, थोरल्यानं नाही. घोड्यावर बसवलं आणि म्हणाला, "हे तरी नीट शीक, गाढवा."

हिवाळा म्हणजे थोरल्याचा जीव की प्राण. थंडी पडली की माणसं दारं लावून घेतात, हा दार उघडून बाहेर. कुऱ्हाडीनं हौदावरचा बर्फ फोडायचा, घोड्यांना चारा टाकायचा, आणि मग दोघं भाऊ रानातून रपेटीला. ताज्या बर्फावर टापा पडतात तो आवाज ऐकलात ना आज? कुणी खडीसाखर चावावी तसा. घोड्यांच्या मिशा गोठून पांढऱ्या झालेल्या. पण आयाळीखाली हात घातला की चुलीजवळ धरल्यासारखी ऊब. थोरला त्या उबेपायी एका हाताचा हातमोजा मुद्दाम घरी ठेवायचा. वहिनी ओरडायची, तो हसायचा.

त्या वर्षी पानगळीत थोरला गेला.

चुकलेली शिंगरं शोधायला तो आणि नालबंद वरच्या वाटेनं गेले होते. नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा, त्याचा जिवाभावाचा दोस्त. संध्याकाळी आधी थोरल्याची घोडी एकटीच परत आली. खोगीर फिरून पोटाखाली लोंबत होतं. बऱ्याच वेळानं नालबंद आला, चालत. त्याच्या करड्या घोड्यावर थोरल्याला आडवं घातलेलं.

नालबंद एवढंच बोलला, "तंग ढिला होता."

तंग म्हणजे खोगीर जागच्या जागी धरणारा पोटाखालचा पट्टा. दोन्ही टोकांना बकलं असतात, अख्खा सुटा निघतो. तो ढिला असला तर सपाटीवर काही कळत नाही. वाकड्यातिकड्या वळणावर मात्र खोगीर गर्रकन फिरतं, आणि वरच्या वाटेवर चढ संपला की असंच एक वळण आहे. उजव्या हाताला दरी.

आता मला सांगा, लहानपणापासून घोड्यावर वाढलेला माणूस ढिल्या तंगावर बसेल? धाकट्याला पटेना. पहिले काही दिवस तो नुसता रडला. मग रडणं थांबलं आणि डोकं चालायला लागलं, ते त्याहून वाईट. नालबंद घरी यायचा तेव्हा वहिनीशी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचा. धाकटा आत शिरला की दोघं गप्प. एकदा तर नालबंदाच्या अंगात दादाचा कोट दिसला. धाकट्याचं पित्त खवळलं. अंगणातच त्याला म्हणाला, "पुन्हा या घराची पायरी चढलात तर बघा."

आधी त्याला लाडानं उस्ताद म्हणायचा. त्या दिवसापासून तेही बंद.

पण अख्ख्या खोऱ्यात नालबंद एकच. बर्फ पडला की नालांना टोकदार खिळे लागतात, नाहीतर घोडं घसरतं. आणि ज्याला घराची पायरी बंद केली त्याला बोलावणार कसा? शेवटी धाकटाच दादाची घोडी घेऊन त्याच्याकडे निघाला. खालच्या सडकेनं गेला. वर्षातली सगळ्यात लांब रात्र होती ती, आणि नेमकी अमावास्या.

नालबंदानं काम नीट केलं, पण सावकाश. खूर तासला, कानशीनं घासला, नाल तापवला, लावून पाहिला, पुन्हा तापवला. धाकटा दारात घुटमळत होता.

"चहा घे."

"नको."

"तुझ्या दादाला माझा चहा आवडायचा."

"दादाला माणसंही कुठलीही आवडायची."

नालबंदानं नाल पुन्हा भट्टीत सारला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नंबर बघून तो भट्टीमागे गेला. धाकट्यानं कान टवकारले. "हो... हो, इथेच आहे... नाही, त्याला कळू देत नाही."

पोरांनो, हे ऐकल्यावर तुमचं काय झालं असतं?

परत येऊन नालबंद म्हणतो, "खालच्या सडकेवर झाड पडलंय. तुला वरच्या वाटेनं जावं लागेल. मी येतो सोबत."

"मला वाट माहीत आहे."

"मलाही आहे. म्हणूनच येतो."

त्यानं करड्यावर खोगीर चढवलं, तंग आवळला आणि भट्टी विझवायला आत गेला. बाहेर धाकटा एकटा. घोडी तयार, करडाही तयार. वर आकाशात चांदणीसुद्धा नाही.

धाकट्याचा हात गेला. विचार करून गेला असं नाही, त्याचा हात नेहमीच डोक्याच्या पुढे. खोगिराची बाजू उचलली, बक्कल सोडलं, तंग दोन भोकं ढिला केला, बाजू पुन्हा खाली. मनात म्हणाला, तोच चढ, तेच वळण. बघू दे याला कसं वाटतं ते.

नालबंद आला. दारातल्या दगडावर पाय देऊन हलकेच करड्यावर बसला. निघताना कुणीही तंगाखाली बोट घालून बघतं. यानं बघितलं नाही. धाकट्याकडे मात्र एकदा बघितलं.

"चल पुढे. घोडीला वाट ठाऊक आहे."

निघाले. धाकटा पुढे, नालबंद मागे. वाट एका घोड्यापुरती. रान बर्फानं वाकलेलं. घोडीचे नवे खिळे करकर वाजत होते. मागे करड्याची जड पावलं. तेवढेच दोन आवाज. एरवी धाकट्याला ही वाट म्हणजे सुख होतं. त्या रात्री त्याचे कान मागे लागले होते. आता पडेल... आता पडेल.

चढ लागला.

मग तिसरा आवाज आला.

घोड्याचा नव्हता. माणसाचा. बुटांचा. बर्फात पाय रुतवत कुणीतरी मागून येत होतं. भराभर. धाकट्याला वाटलं, नालबंद उतरला. पण करड्याची पावलं तशीच होती. ओझं घेऊन चालणाऱ्या घोड्याची पावलं वेगळी पडतात. नालबंद वरच होता.

पावलं करड्याच्या बाजूनं पुढे आली.

घोडीनं डावा कान वळवला. मग चाल मंद केली. चालत्या माणसाला बरोबर येता यावं इतकी मंद. आणि नाकातल्या नाकात फुरफुरली. हळू. सकाळी चारा घेऊन कुणी दारात आलं की फुरफुरतात तशी.

धाकट्यानं मान वळवली नाही. वळेचना.

डावा गुडघा कुणीतरी बाजूला सारला. जोरात नाही. "पाय सरकव जरा" म्हणावं तसा...

फांदी असेल.

फांद्या उजवीकडे होत्या.

मग पावलं थांबली. घोडी पुढे गेली. पावलं मागे राहिली... करड्याजवळ...

चढ संपत आला. पुढे वळण. धाकट्यानं लगाम मुठीत आवळला. हाक मारली तर आपण काय केलं ते कळणार. नाही मारली तर... त्यानं ओठ घट्ट मिटले. करडा वळणावर आला. खोगिराचं कातडं कुरकुरलं.

"उस्ताद!" धाकटा किंचाळला. "उतरा! उस्ताद, खाली उतरा!"

दरीतून त्याचाच आवाज परत आला.

मग मागून नालबंद बोलला, अगदी हळू. "चालत राहा. मागे बघू नकोस."

...

त्यानंतर घर येईपर्यंत कुणी बोललं नाही. तिसरी पावलंही नाहीत.

पागेपुढचा बल्ब दिसला तेव्हा धाकट्याला रडूच फुटलं. वहिनी शाल गुंडाळून दारात उभी होती. त्यानं रिकिबीवर भार देऊन पाय काढला, आणि खोगिरासकट धाडकन पाठीवर पडला. घोडी नुसती उभी. पाठ उघडी. धाकट्यानं खोगीर उलटंपालटं केलं.

त्याला तंगच नव्हता. ढिला नाही, तुटलेला नाही. नव्हताच. ते वळण आणि सगळा उतार हा नुसत्या ठेवलेल्या खोगिरावर बसून आला होता.

तो उठला तो थेट नालबंदाच्या अंगावर. कोटाची गळपट्टी धरून त्याला खाली ओढलं. "तू! तूच काढलास! दादालाही असाच मारलास! कोट त्याचा, आता घोडीही पाहिजे?"

"भाऊजी, सोडा त्यांना!" वहिनी मध्ये पडली. "कोट मी दिलाय. तुमच्यासोबत या म्हणून फोनही मीच केला होता."

"मग माझ्यापासून काय लपवता? रोज कुजबुज, रोज कुजबुज!"

नालबंद वहिनीकडे बघत मान हलवत होता, नको म्हणून. पण तिलाच आता सहन होईना.

"त्या दिवशी परतताना चढ चढून हे वर पोचले. घोडीला दम खाऊ द्यायला यांनी तंग सैल केला, नेहमी करायचे तसा. निघताना आवळायचा. तेवढ्यात खालून हाक आली. 'दादा, लवकर ये!' अशी. यांना वाटलं, घरी काही झालं. तसेच बसले आणि..."

धाकट्याचे हात गळून पडले. ती हाक त्याचीच होती. शिंगरं आपणहून घरी आली होती. हे सांगायला, आनंदानं, कुरणाच्या कुंपणावर चढून त्यानं मारलेली.

तो बर्फात मटकन बसला. घोडीनं येऊन त्याचं डोकं हुंगलं. मग म्हणाला, "उस्ताद... तुमचा तंग मी ढिला केला होता. जाणूनबुजून."

"ठाऊक आहे. खिडकीतून बघितलं मी."

"आणि तरी बसलात?"

"वळणाआधी उतरणार होतो. म्हटलं, बघू तरी, हा पोरगा हाक मारतो की नाही." नालबंदानं कोट सारखा केला. "पण उतरायला मिळालंच नाही. चढावर माझा डावा पाय कुणीतरी उचलला. पायाखालून हात घातला. चालत्या घोड्यावर... आणि तंग आवळला. मला वाटलं, तूच मागे येऊन..."

"मी पुढे होतो."

"हो. तू पुढे होतास."

वहिनीनं शाल घट्ट ओढून घेतली. कुणी कुणाकडे बघेना.

मग नालबंदानं करड्याला बल्बखाली आणलं. रिकीब वर टाकली. खोगिराची बाजू उलटली.

करड्याच्या पोटाला दोन तंग होते. एक त्याचा स्वतःचा, धाकट्यानं सोडला होता त्याच भोकावर, ढिला. आणि त्यावरून दुसरा, बोट जाणार नाही इतका आवळलेला. लोकरीचं अस्तर लावलेला. घोडीचा.